आधी रेशो, मग इंजिन

[दृश्य: इंजिन काढलेली चासी. मागच्या चाकाशी बसलेले दोघे. टायरवर खडूची रेघ.]

जुन्या पेट्रोल जीपमध्ये बसवायचं डिझेल इंजिन अजून खाली लाकडी ओंडक्यांवरच आहे. चासीवर ते चढायच्या आधी काम सुरू झालंय मागच्या चाकापाशी. आधी बघायचा रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे त्याला फिरवणारा शाफ्ट किती वेळा फिरतो ते.

एक चाक जमिनीवर, दुसरं जॅकवर उचललेलं. टायरवर खडूची एक खूण, ॲक्सलकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या फ्लॅंजवर दुसरी. उचललेलं चाक हातानं पुरते दोन फेरे फिरवायचं आणि तेवढ्यात शाफ्ट किती वेळा फिरतो ते मोजायचं. दोन फेरे अशासाठी, की दुसरं चाक टेकलेलं असलं की डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांत गती वाटणारी गियरची जोडणी, सगळी गती मोकळ्या चाकाला देतं आणि ते दुपटीनं फिरतं.

शाफ्ट पाच फेरे पूर्ण करतो, सहाव्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या जरा पुढे जातो आणि थांबतो. ५.३८. डिफरन्शियलच्या हाउसिंगचं झाकण काढल्यावर दात मोजून बघितले: मोठ्या क्राउन गियरवर ४३, त्याला फिरवणाऱ्या शाफ्टकडच्या छोट्या पिनियनवर ८. भागाकार तोच.

[दृश्य: जीपचं नाक, उंच बॉनेट, सात फटी असलेली जाळी.]

ही सीजे-३बी. १९५३ साली आलेली विलीजची जीप. तिचं बॉनेट उंच आहे ते आतल्या हरिकेन इंजिनामुळे. त्याचे इनटेक व्हॉल्व्ह वरच्या बाजूला घेतल्यानं इंजिनाची उंची वाढली आणि बॉनेटलाही वर सरकावं लागलं. आज डिझेल बसवताना ही जागा फार उपयोगी पडते.

पण ५.३८ हा आकडा त्याही आधीचा आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी जीपला, विलीज एमबीला, ४.८८ चा रेशो होता. १९४५ मध्ये सीजे-२ए ही नागरी जीप आली ती शेतात नांगर ओढायला, पीटीओवर, म्हणजे इंजिनाची ताकद बाहेर देणाऱ्या जोडणीवर, यंत्रं चालवायला. म्हणून ॲक्सलचा रेशो ५.३८ केला आणि पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या ट्रान्स्फर केसचा लो, म्हणजे संथ चालीचा, रेशोही वाढवला. एमबीला पहिला गियर, लो आणि ॲक्सल यांचा गुणाकार येतो साधारण २६. या सीजे-३बीला टी-९० गियरबॉक्सचा पहिला गियर २.८०, स्पायसर १८ ट्रान्स्फर केसचा लो २.४६ आणि ॲक्सल ५.३८. गुणाकार ३७. इंजिन ३७ वेळा फिरेल तेव्हा चाक एकदा. ही गाडी धावण्यासाठी बनवलेली नव्हती, ओढण्यासाठी बनवली होती. तिचं इंजिन बदलणाऱ्यानं हे आधी मान्य करावं.

[दृश्य: वहीवरची आकडेमोड. टायरच्या कडेवर ६.००-१६.]

आता वरच्या टोकाचा हिशोब. या टायरच्या एका फेऱ्यात गाडी सुमारे २.२ मीटर पुढे जाते. ताशी ८० किलोमीटरला चाक मिनिटाला सहाशेच्या थोडं वर फिरतं. त्याला ५.३८ नं गुणलं की टॉप म्हणजे तिसऱ्या गियरमध्ये, जिथे इंजिन आणि शाफ्ट एकाच वेगानं फिरतात, इंजिन सव्वातीन हजार आरपीएमच्या वर. मूळ पेट्रोल इंजिन पूर्ण ताकद देतं ४००० ला, त्यामुळे त्याला हे झेपतं.

डिझेलचं तसं नसतं. इंधन शेवटच्या क्षणी सिलिंडरमध्ये येतं, तिथं हवेत मिसळतं, मग पेटतं. या सगळ्याला वेळ लागतो. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड जड असतात. पंपातला गव्हर्नर एका मर्यादेनंतर इंधन तोडतोच. ओंडक्यांवरचं हे टर्बो नसलेलं चार सिलिंडरचं इंजिन दोन हजारांच्या आसपास सगळ्यात जोरात ओढतं. त्याला तासन्‌तास सव्वातीन हजारांवर ठेवलं तर आवाज, उष्णता, धूर आणि डिझेलचा खर्च, चारही वाढतात.

ओव्हरड्राइव्हचा, म्हणजे त्याच वेगाला इंजिन कमी फिरू देणाऱ्या जादा गियरचा, मार्ग आहे. ट्रान्स्फर केसच्या मागच्या तोंडावर बसणारं, आरपीएम २५ टक्क्यांनी उतरवणारं युनिट या जीपसाठी बनत असे. ते बसवलं की ॲक्सलला हात लावावा लागत नाही. पण पीटीओची जागा जाते. ज्या जीपकडून अजून काम करून घ्यायचं आहे तिचा पीटीओ बुजवणं आम्हाला पटत नाही. म्हणून क्राउन-पिनियनच बदलायचे, ४७ आणि ११ दातांचे. रेशो ४.२७. ताशी ८० ला साधारण २,६००.

खालचं टोकही तपासलं. गुणाकार ३७ वरून २९ वर येतो, म्हणजे लष्करी जीपपेक्षा अजून थोडा जास्तच. ॲक्सिलरेटर न दाबता, ७५० आरपीएमच्या आयडलिंगवर पहिल्या लोमध्ये गाडी ताशी २.७ ऐवजी ३.४ किलोमीटरनं चालेल. दगडांतून उतरताना हा फरक पायाला जाणवतो. पण डिझेल आयडलिंगला बंद न पडता गाडी ओढतं, क्लच दाबावा लागत नाही. त्या भरवशावर हा तोटा पत्करला. ४.२७ च्याही खाली मात्र जायचं नाही. टर्बो नसताना ॲक्सलचा रेशो आणखी कमी केला तर चढावर तिसरा गियर धरणार नाही, आणि टी-९० चा दुसरा १.५५ चा असल्यानं दोघांमधली दरी मोठी आहे. मोठ्या टायरचा मोहही इथेच आवरायचा. ३१ इंची टायर टाकले की ४.२७ चे जवळजवळ ३.९ होतात.

[दृश्य: क्लोजअप. क्राउनच्या दातांवर पिवळी पेस्ट. डायल गेज.]

कामाचं मर्म इथं आहे. पिनियनच्या बेअरिंगमागे शिम, म्हणजे पातळ चकत्या, घालून त्याची खोली ठरवायची. क्राउनच्या काही दातांवर पिवळी मार्किंग पेस्ट लावायची, क्राउनवर हाताचा थोडा दाब ठेवून तो पुढे-मागे फिरवायचा. पेस्ट जिथून पुसली जाते तिथं दाताला दात भेटतो. हा पहिला ठसा बघा, दाताच्या माथ्याकडे सरकलाय. पिनियन क्राउनपासून दूर आहे, आत घ्यायला हवा. पुन्हा सगळं उघडायचं, शिम वाढवायची, पुन्हा पेस्ट. आता ठसा मध्यावर आला, कडा गोलसर. डायल गेजवर बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळी हालचाल, ०.१५ ते ०.२५ मिलिमीटरच्या मध्ये. हा ठसा मनासारखा येईपर्यंत घाई करणारा माणूस या कामाला उपयोगाचा नाही.

हेच सगळं पुढच्या ॲक्सललाही. या ट्रान्स्फर केसमध्ये मधलं डिफरन्शियल नाही. पुढे ५.३८ आणि मागे ४.२७ ठेवून फोर बाय फोर घातलं तर घट्ट रस्त्यावर शाफ्ट एकमेकांना पिळत राहतील आणि काहीतरी तुटेल.

[दृश्य: साखळीवर उचललेलं इंजिन चासीत उतरतंय.]

रेशो ठरला, म्हणून आता माउंटिंग वेल्ड होतील. रेडिएटर मोठा लागेल. डिझेलमध्ये व्हॅक्यूम आपोआप मिळत नाही, आणि ब्रेकचा जोर वाढवणारा बूस्टर त्यावरच चालतो; तो लावायचा तर व्हॅक्यूम पंप जोडावा लागेल. आरटीओची मंजुरी वेगळी.

[दृश्य: पहिली फेरी. डॅशबोर्डवरचा स्पीडोमीटर.]

पहिली फेरी छोटी. नवे दात तापतात, म्हणून थोडं चालवून गाडी पूर्ण गार होऊ द्यायची. सुमारे ८०० किलोमीटरनंतर दोन्ही डिफरन्शियलचं तेल बदलायचं.

काटा ६३ च्या जरा पुढे दिसतोय, गाडी मात्र ८० नं चालली आहे. स्पीडोमीटरची केबल निघते ट्रान्स्फर केसमधून, आणि तिथला शाफ्ट आता त्याच वेगाला कमी फिरतो. केबलच्या टोकाचा छोटा गियर नव्या रेशोप्रमाणे बदलल्याशिवाय ही गाडी रहदारीत न्यायची नाही.