रेकी घ्या, पण गोळ्या चालू ठेवा

वडोदऱ्यातला दांडिया बाजार, संध्याकाळची वेळ. खाली स्कूटर-रिक्षांचा नुसता कलकलाट आणि वर दुसऱ्या मजल्यावर पंखा हळू करून एक आजी चटईवर डोळे मिटून पडल्यात. शेजारच्या काकू दोन्ही तळहात आधी त्यांच्या डोळ्यांवर ठेवतात, मग कानांवर, मग गळ्याजवळ जरा अधांतरी, मग पोटावर, एकेका जागी पाचेक मिनिटं, दाबणं नाही, चोळणं नाही, तेलबिल काही नाही. तासाभरानं आजी उठून म्हणतात, "बरं वाटलं गं, डोकं हलकं झालं."

हीच रेकी. मूळ जपानचं, मिकाओ उसुईंनी 1922 मध्ये क्योतोजवळच्या कुरामा डोंगरावर उपास-ध्यान केलं आणि मग ही पद्धत शिकवायला लागले असं सांगतात, पुढे हवायो ताकातांनी ती हवाईला नेली आणि तिथून जगभर गेली. हातातून प्राणशक्ती वाहते असं शिकवणारे म्हणतात, पण ती आजवर कुठल्याच उपकरणाला सापडलेली नाही, आणि रेकीनं अमुक आजार बरा होतो हेही सिद्ध झालेलं नाही. 1998 मध्ये अमेरिकेतल्या एमिली रोझा या शाळकरी मुलीचा प्रयोग मेडिकल जर्नलमध्ये छापून आला, रेकीसारखाच हातांनी उपचार करणाऱ्या 21 जणांनी पडद्याआडून हात पुढे केले, तिचा हात आपल्या कुठल्या हातावर आहे एवढंच ओळखायचं, तर बरोबर उत्तरं आली 44 टक्के, नुसता अंदाज ठोकला असता तरी निम्मी आली असती.

मग आजींना बरं वाटलं ते खोटं? अजिबात नाही. तासभर निवांत पडायला मिळालं, कुणीतरी मायेनं हात ठेवला, या वयात कोण ठेवतं हो?

रेकीनं अपाय होतो असंही दिसलेलं नाही. मला भीती वाटते ती "आता इन्सुलिन बंद करून बघा" सांगणाऱ्यांची, कारण टाइप वन डायबिटीसमध्ये इन्सुलिन तोडलं की एक-दोन दिवसांत जिवावर बेतू शकतं. म्हणून या काकू मला पटतात, नवीन माणूस आला की आधी डॉक्टरची फाइल बघतात, कुठे हात लावलेला चालेल विचारतात, आणि गोळ्यांच्या भानगडीत पडत नाहीत. कॅन्सर-डायबिटीस चमत्कारानं बरा करू अशा जाहिरातींना तर 1954 च्या कायद्यानंच बंदी आहे, तसलं पत्रक कुणी हातात दिलं तर त्या दारात जाऊच नका.

आणि छातीत दुखतंय, तोंड वाकडं झालंय, एक हात उचलतच नाहीये, तर चटई घालायचीच नाही, सरळ 108 लावायचा.