'मोअर', 'लेस' आणि 'फ्यूअर'

'कमी' सांगताना मोजता येणाऱ्या वस्तूंसाठी 'फ्यूअर' आणि मोजता न येणाऱ्यांसाठी 'लेस', हा इंग्रजीचा नियम शिकवला जातो मोठ्या ठामपणे. पण तो फारसा जुना नाही.

नवव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील वेसेक्सचा राजा आल्फ्रेड याच्या नावावर असलेल्या, रोमन तत्त्वज्ञ बोएथियसच्या ग्रंथाच्या जुन्या इंग्रजी भाषांतरात 'स्वा मिड लॅस वर्डा स्वा मिड मा' अशी शब्दयोजना आढळते. थोडक्या शब्दांत असो वा अधिक, असा तिचा आशय आहे. शब्द तर मोजता येतात, तरीही येथे 'लेस'चेच जुने रूप आले आहे. 'वर्डा' हे षष्ठीचे अनेकवचन असल्याने त्याचा शब्दशः अर्थ 'शब्दांपैकी कमी' असा होतो. कालांतराने षष्ठीचा हा प्रत्यय झिजला आणि नामाशेजारी उरलेला 'लेस' विशेषण भासू लागला. त्यात कित्येक शतके कोणाला वावगे वाटल्याचे दिसत नाही. १७७० मध्ये इंग्रजीच्या वापरावर लिहिणारे रॉबर्ट बेकर यांनी मात्र, शंभराविषयी बोलताना 'नो लेस दॅन'पेक्षा 'नो फ्यूअर दॅन' आपल्याला अधिक डौलदार आणि अधिक काटेकोर वाटते, असे लिहिले. त्यांनी नोंदवली होती ती स्वतःची पसंती. नियमाचा दर्जा तिला नंतरच्यांनी दिला.

याउलट, 'अधिक' सांगताना असा भेद इंग्रजीत आपसूकच रुजला होता. मध्ययुगात अनेकवचनी नामांसाठी 'मो' आणि आकारासाठी किंवा राशीसाठी 'मोअर' वापरण्याकडे कल होता. १६११ च्या किंग जेम्स बायबलच्या मूळ छपाईत, विनाकारण द्वेष करणारे लोक डोक्यावरील केसांहून अधिक आहेत असे सांगताना 'मो' हाच शब्द छापलेला आहे. पुढे तो प्रमाण भाषेतून नाहीसा झाला. बोलणाऱ्यांनी जोपासलेला भेद विरला आणि पंडितांनी सुचवलेला टिकला, हे व्याकरणाच्या अभिमान्यांना जरा अडचणीचेच आहे.

'मच' आणि 'मोअर' यांचा उच्चार एकाच अक्षराने सुरू होत असला, तरी त्यांची मुळे वेगळी आहेत. 'मच'चे नाते थेट संस्कृत 'महत्'शी पोहोचते. 'लेस' हे मुळातच तुलनादर्शक रूप आहे, परंतु त्याच्या शेवटी 'अर' ऐकू येत नसल्याने लोकांनी त्याला तो पुन्हा जोडला आणि 'लेसर' तयार झाला. 'अनलेस'मध्येही हाच 'लेस' दडलेला आहे. 'होमलेस'मधील 'लेस' मात्र त्याच्या कुळातला नव्हे. तो 'विरहित' या अर्थाच्या 'लेआस' या जुन्या शब्दापासून आलेला आहे.