औषध दप्तरात, दप्तर टपावर

(दृश्य : जानेवारीतली सकाळ. सोसायटीच्या फाटकाशी पिवळी मिनीबस. टपावरच्या कॅरिअरमध्ये दप्तरांचा ढीग.)

किंक्रांतीची सकाळ. पावणेसात वाजलेत, पुण्यात अजून नीट उजाडलेलं नाही. गाडीवाले काका एकेक दप्तर वर फेकतात, जाळी ओढतात, दोरी आवळतात. आत मुलं स्वेटरात गुरफटलेली, अर्धी झोपेतच. कुणीतरी स्टीलचा डबा उघडतं आणि झोप उडते. कालचा तिळगूळ आज शाळेत वाटायचा असतो, पण शाळेपर्यंत थांबायचं कुणी?

पुढचा प्रसंग आम्ही रचलेला आहे. असा एखादा विशिष्ट दिवस, अशी एखादी विशिष्ट मुलगी आम्ही दाखवत नाही. पण यातली एकही गोष्ट आम्हाला दुरून आणावी लागली नाही. सगळ्या रोज रस्त्यावर दिसतात.

तिसरीतली मुलगी. तिला शेंगदाणा चालत नाही. म्हणजे आवडत नाही असं नव्हे, शरीराला चालत नाही. आईनं जूनमध्ये शाळेच्या फॉर्मवर लिहिलंय, वर्गशिक्षिकेला दोनदा सांगितलंय. डब्याच्या सुट्टीत बाई लक्ष ठेवतात. मुलगीही शहाणी आहे. लाडू हातात घेऊन विचारते, "यात दाणे आहेत?" मैत्रीण खांदे उडवते. "माहीत नाही, आजीनं केलेत."

महाराष्ट्रातल्या आजीनं तिळाचा लाडू केला आणि त्यात दाण्याचं कूट पडलं नाही, असं किती घरांत होत असेल? खिचडी, कोशिंबीर, वांग्याची भाजी, चिक्की, चटणी, सगळीकडे दाणा इतका मिसळून गेलेला आहे की तो घातला हे सांगायचंही कुणाच्या लक्षात राहत नाही.

(दृश्य : बसच्या आत. खिडकीच्या काचेवर धुकं. मागच्या बाकावर गलका.)

पहिली पाच मिनिटं काही विशेष नाही. ओठ चुरचुरतात, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. मानेवर गांधी उठतात, पण त्या स्वेटरच्या गळ्याखाली. मग पोटात ढवळतं आणि उलटी होते.

बसमध्ये मूल ओकलं की आपल्याकडे निदान ठरलेलं आहे. गाडी लागली. बसमधल्या मावशी तेच करतात जे त्यांनी शंभरदा केलंय. खिडकी उघडतात, पाणी देतात, पाठीवरून हात फिरवतात, "डोळे मिटून बस हं बाळा" म्हणतात. यात त्यांची चूक काढण्यासारखं काही नाही. गाडी लागणं रोजचं आहे आणि हे दुसरं त्यांना कुणी कधी सांगितलेलंच नाही. मुलगी खोकायला लागते, आवाज बसतो, चेहरा पांढुरका पडतो, तेव्हा कुठे मावशींना वाटतं की हे काही वेगळं दिसतंय.

तोवर बस सिंहगड रस्त्यावरच्या कोंडीत उभी आहे. आणि आईनं मोठ्या काळजीनं दिलेलं औषध दप्तराच्या पुढच्या कप्प्यात आहे. दप्तर टपावर आहे. ढिगात खालून तिसरं.

(दृश्य : टपावरची दोरी. गाठ. कॅमेरा तिथेच थांबतो.)

या अवस्थेला डॉक्टर ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. शरीराची संरक्षण यंत्रणा निरुपद्रवी वस्तूला शत्रू समजते आणि सगळा दारूगोळा एकदमच उडवून देते. हिस्टामिन आणि तसली इतर रसायनं रक्तात सुटतात. रक्तवाहिन्या सैलावतात, पाझरायला लागतात, रक्तदाब कोसळतो. घसा आतून सुजतो आणि श्वासनलिका आवळल्या जातात. शेंगदाणा, काजू, दूध, अंडं, कोळंबी, तीळ, मधमाशीचा दंश, एखादं औषध, कारण काहीही असू शकतं. अशा मृत्यूंचा ब्रिटनमध्ये एक अभ्यास झाला होता. अन्नामुळे झालेल्या मृत्यूंत खाल्ल्यापासून श्वास किंवा हृदय थांबेपर्यंतचा वेळ साधारण तीस मिनिटं निघाला, दंशाच्या बाबतीत पंधरा. शाळेची फेरी चाळीस-पन्नास मिनिटांची असते.

यावर पहिलं औषध एकच आहे, ॲड्रेनालिन. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत टोचायचं असतं. ते रक्तवाहिन्या आवळतं, श्वासनलिका मोकळ्या करतं आणि काही मिनिटांत गुण दाखवतं. आपल्या घराघरांत मात्र ॲलर्जी म्हटलं की हात एव्हिलकडे किंवा सेट्रिझिनकडे जातो. या गोळ्या खाज थांबवतात, गांधी उतरवतात. सुजलेला घसा त्या उघडत नाहीत, कोसळलेला रक्तदाब उचलत नाहीत. उलट गांधी उतरल्या की सगळ्यांना हायसं वाटतं आणि हातची दहा मिनिटं जातात.

भीती पसरवायची नाही, म्हणून एक आकडाही सांगायला हवा. अन्नाची खरी, लक्षणं देणारी ॲलर्जी भारतीय मुलांत पाश्चात्त्य देशांच्या मानानं बरीच कमी दिसते. कर्नाटकातल्या शाळकरी मुलांच्या एका पाहणीत हे प्रमाण ०.१४ टक्के आलं. म्हणजे दोन हजार पटाच्या शाळेत दोन-तीन मुलं. पण तीही बसनंच येतात.

(दृश्य : पडदा काळा. मग बर्फात उभी असलेली शाळा, छायाचित्र.)

इथून फार दूर, कॅनडात ओंटारिओ प्रांतातलं पेम्ब्रोक गाव. सप्टेंबर २००३. सब्रिना शॅनन, वय तेरा, दुधाची तीव्र ॲलर्जी. शाळेच्या उपाहारगृहात तिनं विचारून, खात्री करून तळलेले बटाटे घेतले. त्याच चिमट्यानं आधी चीज असलेला पदार्थ वाढला गेला असावा, असा निष्कर्ष नंतर निघाला. त्रास सुरू झाला तेव्हा तिला वाटलं, दमा उसळला. आपल्याकडे 'गाडी लागली', तिथे 'दमा'. तिचं ॲड्रेनालिनचं पेन, म्हणजे डोस आधीच भरलेलं पेनसारखं इंजेक्शन, शाळेतच होतं. तिच्या लॉकरमध्ये. ते आणेपर्यंत उशीर झाला.

आपल्या कथेतलं टपावरचं दप्तर आम्हाला या लॉकरमुळे सुचलं. औषध होतं, पण हाताशी नव्हतं.

सब्रिनाच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला आणि २००५ मध्ये ओंटारिओच्या विधिमंडळानं 'सब्रिनाज लॉ' मंजूर केला. १ जानेवारी २००६ पासून तो लागू आहे. त्यातल्या तीन गोष्टी बससाठी महत्त्वाच्या. एक, प्रशिक्षण फक्त शिक्षकांना नाही, तर मुलांशी नियमित थेट संबंध येणाऱ्या इतरांनाही. दुसरी, प्रत्येक अशा मुलाची वेगळी, लेखी योजना. आणि तिसरी आम्हाला सगळ्यांत शहाणपणाची वाटते. मुलाला ॲनाफिलॅक्सिस होतोय असं वाटण्याजोगं कारण असेल, तर कर्मचारी त्याला लिहून दिलेलं औषध आधीच्या परवानगीविनाही देऊ शकतो, आणि सद्हेतूनं दिलं असेल तर त्याच्यावर नुकसानभरपाईचा दावा होत नाही. ज्याच्या हातात सुई आहे त्याची भीती कायद्यानंच काढून घेतली.

अमेरिकेत २०१३ साली रोगनियंत्रण केंद्रानं शाळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत बसचालकांचा वेगळा विचार आहे. बसमध्ये खाणं बंद ठेवा, चालकाकडे संपर्काचं साधन हवं, लक्षणं ओळखायला त्याला शिकवा. खाणं बंद ही सूचना आपल्याला पाश्चात्त्य कोरडेपणाची वाटेल. संक्रांतीला, वाढदिवसाला बसमध्ये चॉकलेट वाटायचं नाही म्हणजे काय? पण वर्गात बाईंच्या नजरेसमोर वाटणं आणि अंधाऱ्या, हलत्या बसमध्ये मागच्या बाकावर वाटणं, यात फरक आहे.

(दृश्य : मिनीबसची प्रथमोपचार पेटी. झाकण गंजलेलं. आत कापूस, पट्टी, जंतुनाशकाची बाटली.)

आपल्याकडे नियम नाहीत असं नाही. २०११ मध्ये राज्यानं स्कूलबससाठी स्वतंत्र नियमावली केली. वेगमर्यादा, अग्निशामक, प्रथमोपचार पेटी, गाडीत मदतनीस हे त्यात आहे, आणि प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समितीही आहे. त्या समितीत पालकांचा प्रतिनिधी बसतो, वाहतूक पोलीस आणि आरटीओचे अधिकारी असतात. हे सगळे नियम एकाच संकटाच्या डोळ्यात पाहून केलेले आहेत, ते म्हणजे अपघात. पेटी खरचटण्यासाठी आहे. श्वास आतून बंद होणं तिच्या हिशेबात नाही.

मदत करणाऱ्याला संरक्षण देणारी तरतूदही आपण २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात आणली. पण ती वाहन अपघातातल्या जखमींसाठी. उभ्या बसमध्ये लाडू खाऊन कोसळलेल्या मुलीला ती लागू होत नाही. मावशींचा प्रश्न म्हणून रास्त आहे, "मी सुई मारली आणि काही झालं तर?"

आणि सुई म्हणजे तरी काय? सब्रिनाकडे पेन होतं. त्यात डोस आधीच भरलेला असतो. टोपण काढायचं, मांडीवर, अगदी कपड्यावरूनही, दाबायचं आणि तीन आकडे मोजायचे. लहान मुलांसाठी ०.१५ मिलिग्रॅमचं, मोठ्यांसाठी ०.३ चं. आपल्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये हे पेन सहज मिळत नाही. मिळते ती एम्पूल, म्हणजे औषधाची बंद काचेची कुपी. औषध स्वस्त आहे, देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. पण जरा हिशेब करा. वीस किलोच्या मुलीला डोस ०.२ मिलिग्रॅम, म्हणजे ०.२ मिलिलिटर. एका एम्पूलमध्ये याच्या पाचपट औषध असतं. काच फोडायची, सिरिंजमध्ये नेमकं तेवढंच ओढायचं, हवा काढायची, तेही खड्ड्यांतून जाणाऱ्या गाडीत, ओकणाऱ्या मुलीला मांडीवर धरून. नर्सचाही हात कापेल.

म्हणून काही डॉक्टर पालकांना योग्य डोस आधीच भरलेली सिरिंज करून देतात, उजेड लागू नये म्हणून बंद डबीत. ती ठराविक काळानं बदलावी लागते. हा जुगाड आहे, पण डॉक्टरांच्या देखरेखीखालचा जुगाड आहे आणि एम्पूलपेक्षा शतपटीनं बरा. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेत नाकात मारायच्या ॲड्रेनालिन स्प्रेला मान्यता मिळाली, मार्च २०२५ मध्ये पंधरा ते तीस किलोच्या मुलांसाठीही. सुईच नाही म्हटल्यावर मावशींची निम्मी भीती तिथेच संपते. तो स्प्रे आपल्या बसपर्यंत येईल तेव्हा येईल.

(दृश्य : एप्रिलची दुपार. शाळेबाहेर उन्हात रांगेनं उभ्या बस. पत्र्यावरून वाफा.)

इथे एक साधी सूचना हमखास येते. मग प्रत्येक बसच्या पेटीतच हे औषध ठेवा की! ऐकायला छान आहे. पण ॲड्रेनालिनला उष्णता आणि उजेड दोन्ही सोसत नाहीत. पेनच्या वेष्टनावर लिहिलेलं असतं, २० ते २५ अंशांत ठेवा, गाडीत ठेवून जाऊ नका. दुपारभर उन्हात उभ्या राहिलेल्या बसचा पत्रा पुण्यातही हात लावू देत नाही, नागपूर-चंद्रपूरचं तर बोलायलाच नको. बिघडलेलं औषध गुलाबी, मग तपकिरी होतं, आणि कधी रंग न बदलताही कमजोर होतं. औषध मुलासोबत हिंडायला हवं. सावलीत, वर्गात, घरात आणि बसमध्ये. बससोबत नव्हे.

हेच दम्याच्या पंपाचं. खरं तर आपल्या बसमध्ये ॲनाफिलॅक्सिसपेक्षा दम्याचा झटकाच जास्त वेळा येणार. निळा पंप आणि त्याला जोडायची पोकळ नळी, म्हणजे स्पेसर, असेल तर मूल दहा मिनिटांत सावरू शकतं. पण पंप म्हणजे काहीतरी शेवटचं, त्याची सवय लागते, मुलीला पंप आहे हे चारचौघांत कळलं तर लग्नाला अडचण, असल्या समजुतींपायी तो दप्तराच्या तळाशी, मोज्यात गुंडाळून ठेवलेला आम्ही पाहिला आहे. त्यावर आणखी काय बोलणार.

(दृश्य : शाळेचं रिकामं मैदान. बसच्या पायरीवर मावशी आणि काका. समोर एक डॉक्टर, हातात टोपण लावलेलं स्केचपेन.)

पुन्हा आमच्या रचलेल्या गोष्टीकडे. डॉक्टरांनी स्केचपेन स्वतःच्या मांडीवर टेकवून दाखवलं. बाहेरच्या बाजूला, मधोमध. दाबायचं. एक, दोन, तीन. मग मुलीला आडवं करायचं, पाय उंच. श्वास लागत असेल तर बसू द्यायचं, पण उभं करायचं नाही, चालवत न्यायचं तर नाहीच. काकांनी गाडी बाजूला घ्यायची, १०८ ला फोन करायचा, पत्ता सांगताना चौकाचं नाव आणि खूण. पाच ते पंधरा मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरा डोस. बरं वाटलं तरी दवाखान्यात न्यायचंच, कारण काही तासांनी त्रास उलटून येऊ शकतो.

काकांनी त्यांच्या फेरीच्या रस्त्यावरचे तीन दवाखाने बोटांवर मोजले. त्यातला एक सकाळी सातला बंद असतो, हेही त्यांनीच सांगितलं. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. मुलीचा फोटो, वजन, काय चालत नाही, आईचा नंबर, असं एक कार्ड काकांच्या आरशाशेजारी लागलं.

मावशींचे प्रश्न संपत नव्हते.

"सलवारवरून चालतं का?"

"पेन असेल तर चालतं. सिरिंज असेल तर कपडा बाजूला करा."

"आणि खरंच नुसती गाडी लागली असली, आणि मी टोचलं तर?"

डॉक्टर जरा थांबले. म्हणाले, "लिहून दिलेलाच डोस असेल आणि मांडीतच दिला असेल, तर निरोगी मुलाची छाती धडधडेल, हात थरथरतील, थोड्या वेळानं शांत होईल. या मुलीच्या बाबतीत शंका आली तर द्याच. वाट पाहण्यात जास्त धोका आहे."

मावशींनी स्केचपेन हातात घेतलं. एकदा दाबलं, तीन मोजले. पुन्हा दाबलं. मग टपाकडे बोट केलं.

"आणि दप्तरं?"

काका म्हणाले, "ती वरच जाणार. आत जागा कुठाय?"

"मग तिची डबी?"

(दृश्य : मुलीच्या कमरेला लहानसं कापडी पाऊच. आई पट्टा एक भोक आत घेते. टपावर दोरी आवळल्याचा आवाज. बस निघते.)