डेट्रॉइटचं म्युझियम नेमकं कोणाचं?

नमस्कार मंडळी. आज डेट्रॉइट इन्स्टिट्यूट ऑफ आर्ट्सबद्दल बोलायचंय, अमेरिकेतल्या मोटार कारखान्यांच्या शहरातलं हे चित्रांचं म्युझियम, तिकडे सगळे त्याला डीआयए म्हणतात, मीही तेच म्हणेन. अमेरिकेत म्युझियमं पुष्कळ आहेत पण पिंपरी-चिंचवडमध्ये बोलायचं तर हेच, कारण समोर बसलेल्यांपैकी कित्येकांची हयात प्रेस शॉपमध्ये, असेंब्ली लाइनवर गेलीय. आणि या म्युझियमच्या ऐन मधल्या दालनात, जिथे एरवी देवादिकांची नाहीतर राजेराण्यांची चित्रं असती, तिथे चारही भिंतींवर कारखाना रंगवलाय.

१९३२ साली मेक्सिकोचा चित्रकार दिएगो रिव्हेरा याला या भिंती रंगवायला बोलावलं. बोलावणारे दोघं, म्युझियमचे डायरेक्टर व्हॅलेंटायनर आणि पैसे देणारा एडसेल फोर्ड, म्हणजे हेन्री फोर्डचा मुलगा. काळ बघा कसला होता, मंदी, गावातले कारखाने थंड, त्याच वर्षी मार्चमध्ये बेकार कामगारांनी फोर्डच्या रूज प्लांटवर मोर्चा काढला आणि त्यांच्यावर गोळीबार झाला, माणसं मेली. पुढच्याच महिन्यात रिव्हेरा तिथे पोचला, हाडाचा कम्युनिस्ट माणूस, आणि त्याच रूज प्लांटमध्ये जाऊन स्केचेस करत बसला. ठरलं होतं दोन पॅनल्सचं, शेवटी झाली २७. सगळं फ्रेस्को, म्हणजे प्लास्टर ओलं आहे तोवरच रंग लावायचा, मदतनीस रात्रीतून गिलावा करून ठेवणार आणि तो वाळायच्या आत याने तेवढा तुकडा पुरा करायचा. मार्च १९३३ मध्ये काम संपलं.

उत्तरेच्या भिंतीवर गाडीचं व्ही-८ इंजिन तयार होतंय, भट्टी, ओतकाम, इंजिन ब्लॉक, आणि माणसं अंग तिरकं करून, पाय रोवून ते अवजड धूड ढकलतायत. जोर कुठे लागतो ते त्यांच्या पाठीवरून कळतं. दक्षिणेला बॉडी आणि फायनल असेंब्ली, तिथे एका कोपऱ्यात प्लांट बघायला आलेली कपडेबिपडे केलेली पाहुणेमंडळी नुसती उभी आहेत. तुमच्या इथेही व्हिजिटर्स येत असतील की, तुम्हाला ते चेहरे लगेच ओळखू येतील. मला सगळ्यात काय आवडतं तर या मोठ्या चित्रांच्या खाली रंग जवळजवळ न वापरता काढलेली छोटी चित्रं आहेत, त्यात कामगाराचा अख्खा दिवस आहे, पंचिंग, जेवणाची सुट्टी, पगार, आणि शेवटी पाळी सुटल्यावर पुलावरून घरी निघालेली माणसं.

लगेच वादही झाला. एका पॅनलमध्ये डॉक्टर बाळाला लस टोचतोय, शेजारी नर्स, पुढे घोडा, गाय, मेंढ्या, कारण लस या जनावरांपासून बनायची, पण बघणाऱ्यांना त्यात येशूजन्माचा देखावा दिसला आणि ही ईश्वरनिंदा आहे, भिंती चुना मारून पांढऱ्या करा अशी मागणी वर्तमानपत्रातून, चर्चमधून झाली. एडसेल फोर्ड मागे हटला नाही. आणि लोकांची ते बघायला झुंबड उडाली. कामगारांचं गाव होतं ते, आपलं काम बघायला लोक म्युझियममध्ये आले.

आता एकदम २००७ वर येते. बरीच वर्षं दुरुस्ती, वाढीव बांधकाम चालू होतं ते संपलं आणि म्युझियमने सगळी दालनं नव्याने लावली, आणि लावताना ज्याला कलेतलं काही शिक्षण नाही असा माणूस डोळ्यासमोर ठेवला. चित्राशेजारची पाटी छोटी, साधी भाषा. एका दालनात जेवणाचं टेबल आहे, तुम्ही खुर्चीवर बसायचं आणि वरून टेबलावर प्रोजेक्शन पडतं, अठराव्या शतकातल्या फ्रेंच सरदाराघरची पंगत, एकेक पदार्थ येतो, हात येतात, वाढतात, ताटं उचलतात. मग शेजारच्या कपाटातली चांदीची भांडी कशासाठी होती ते आपोआप कळतं. काही जाणकारांना हे असलं आवडलं नाही, पोरखेळ वाटला. मला विचाराल तर म्युझियम पुढे वाचलं त्याची पायाभरणी इथे झाली.

त्यानंतर २०१० पासून इनसाइड-आउट सुरू झालं, म्हणजे म्युझियममधल्या चित्रांच्या फ्रेमसकट प्रतिकृती आसपासच्या गावांत, बागेत, बाजारात, भिंतींवर लावायच्या. शुक्रवारी संध्याकाळी उशिरापर्यंत उघडं आणि गाणंबजावणं, आतल्याच थिएटरमध्ये जगभरचे सिनेमे.

आणि मग पैशाचा प्रश्न आला. २०१२ च्या ऑगस्टमध्ये डेट्रॉइट आणि आसपासच्या वेन, ओकलंड आणि मॅकोंब या तीन काउंट्यांत, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारख्या भागांत, मतदान झालं, म्युझियमसाठी दहा वर्षं घरपट्टीत थोडी वाढ द्यायची का. दीड लाख डॉलरच्या घराला वर्षाला साधारण १५ डॉलर. बदल्यात तिथल्या रहिवाशांना प्रवेश फुकट, शाळांच्या सहली फुकट आणि त्यासाठी बसही म्युझियमची, म्हाताऱ्या माणसांना आणायलाही बस. मॅकोंब म्हणजे कराचं नाव काढलं की भडकणारा भाग, तिथेही थोडक्यात का होईना पण पास झालं. उपनगरातल्या ज्या लोकांनी डेट्रॉइट शहराकडे पाठ फिरवली होती त्यांनी त्या शहरातल्या म्युझियमसाठी स्वतःवर कर लावून घेतला. ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

कारण पुढच्याच वर्षी, १८ जुलै २०१३ ला डेट्रॉइट शहराने दिवाळखोरी जाहीर केली. डोक्यावर सुमारे १८ अब्ज डॉलरचं देणं, आणि म्युझियमचा संग्रह होता शहराच्या मालकीचा. ज्यांचं देणं होतं ते म्हणाले, विका. क्रिस्टीज या लिलाव कंपनीची माणसं येऊन शहराच्या पैशाने घेतलेल्या चित्रांची किंमत करून गेली, ४५ ते ८७ कोटी डॉलरच्या दरम्यान. त्यात ब्रूगेल या जुन्या चित्रकाराचं लग्नातल्या नाचाचं चित्र एकटंच १० ते २० कोटींचं, आणि व्हॅन गॉगचं स्ट्रॉ हॅटमधलं सेल्फ पोर्ट्रेट, जे १९२२ मध्ये घेतलं होतं, त्याआधी अमेरिकेतल्या कुठल्याच सार्वजनिक म्युझियमने व्हॅन गॉगचं पेंटिंग विकत घेतलं नव्हतं.

इथे सोपं उत्तर नाही हे मी मनापासून सांगते. समोर कोण होतं तर शहराचे निवृत्त कर्मचारी, कचरा उचललेले, पाण्याची लाइन सांभाळलेले, बस चालवलेले. त्यांची पेन्शन कापून चित्र ठेवायचं म्हटलं तर कुठल्या तोंडाने ठेवणार? पण विकणंही सोपं नव्हतं, कारण ओकलंड काउंटीने सांगून टाकलं की संग्रहातलं काही विकलंत तर आमचा कर बंद. म्हणजे २०१२ चं ते १५ डॉलरचं मत इथे ढालीसारखं उभं राहिलं. शेवटी तोडगा निघाला, त्याला ग्रँड बार्गेन म्हणतात. खाजगी फाउंडेशन्सनी ३६ कोटींच्या वर द्यायचं कबूल केलं, राज्य सरकारने साडेएकोणीस कोटी, म्युझियमने स्वतः देणग्या गोळा करून दहा कोटी, आणि हा सगळा पैसा गेला पेन्शन फंडात, बदल्यात संग्रह शहराकडून म्युझियमच्या ना-नफा संस्थेकडे. साध्या कर्मचाऱ्यांच्या पेन्शनला साडेचार टक्के कात्री लागली, तोडगा नसता तर २७ टक्क्यांपर्यंत गेली असती. पण महागाईची वाढ गेली, मेडिकलचं तर फारच गेलं. म्युझियम वाचलं म्हणून आनंद करताना ही माणसं विसरून चालणार नाही.

२०२० मध्ये पुन्हा मत घेतलं, लोकांनी पुन्हा दहा वर्षं कर दिला. २०२२ मध्ये त्या सेल्फ पोर्ट्रेटच्या शंभरीला व्हॅन गॉग इन अमेरिका हे प्रदर्शन झालं, ७० च्या वर कलाकृती ठिकठिकाणाहून आणल्या होत्या. एवढी महागडी चित्रं उसनी मिळायला देणाऱ्याचा तुमच्यावर विश्वास लागतो, दिवाळखोरीत चित्रं विकली असती तर कोणी दिली असती?

तुमच्यातल्या कित्येकांची मुलं डेट्रॉइटजवळ ट्रॉय, नोव्हाय, फार्मिंग्टनला गाड्यांच्याच कंपन्यांत आहेत, तुम्ही जाल तेव्हा तीन-चार महिने राहता, मॉल आणि नायगरा करून परत येता. यावेळी डीआयएला जा. मुलगा-सून त्या तीन काउंट्यांत राहत असतील तर त्यांना तिकीट नाही, तुम्हाला काढावं लागेल, जरूर काढा, शुक्रवार संध्याकाळ बरी पडते, आणि रिव्हेराच्या दालनात नातवंडांना लाइनवर काय काय चाललंय ते तुम्हीच समजावून सांगा, तिथल्या गाइडपेक्षा तुम्हाला ते जास्त माहितीय.