फूटपट्टी आणि मन

श्रोतेहो, नमस्कार. माणूस मनानं पुरुष की बाई, हे चाचणीनं मोजता येतं का? आधी एक विधान ऐका. 'मला फुलांचं दुकान चालवायला आवडेल.' हो की नाही, एवढंच मनात म्हणा. पुरुष असून 'हो' म्हणालात, तर एक गुण तुमच्या बायकीपणाच्या खात्यात जमा! दादरच्या फुलबाजारात पहाटेपासून झेंडूचे ढीग उपसणारे बाप्ये यावर काय म्हणतील, देव जाणे.

हे विधान अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात घडलेल्या 'एमएमपीआय' या नावाजलेल्या व्यक्तिमत्त्व चाचणीतलं. तिची पाचवी पट्टी माणसाचा पुरुषी-बायकी कल मोजायची. ती बेतताना ज्या समलिंगी पुरुषांची उत्तरं नमुना म्हणून धरली, ते होते अवघे १३! पुढे दिसलं की जास्त शिकलेल्या पुरुषांचे गुणही या पट्टीवर चढेच येतात. म्हणजे पुस्तकं वाचली की पुरुषपण उणावतं म्हणायचं का?

त्याच्याही आधी, १९३६ मध्ये, बुद्ध्यांक चाचणीमुळे प्रसिद्ध असलेले लुइस टर्मन आणि कॅथरिन माइल्स यांनी अशीच साडेचारशेच्या वर प्रश्नांची चाचणी छापली. नाव मात्र गुळमुळीत ठेवलं, वृत्ती आणि आवडींची चाचणी. काय मोजलं जातंय याचा उत्तर देणाऱ्याला पत्ता लागू नये म्हणून! १९७४ मध्ये सँड्रा बेम यांनी पुरुषी आणि बायकी गुण वेगवेगळे मोजले. एकाच माणसात दोन्ही भरपूर असू शकतात, हे त्यात गृहीत होतं.

पण हे सगळं आवडीनिवडींचं आणि स्वभावाचं माप झालं. 'मी पुरुष आहे का?' हा प्रश्न जो वर्षानुवर्षं उराशी घेऊन जगतो, त्याला फुलं आवडतात की यंत्रं, यावरून उत्तर कसं मिळणार? म्हणून जाणता मानसतज्ज्ञ आधी ऐकतो. कधीपासून असं वाटतं, कशाचा त्रास होतो, घरी कोणाला ठाऊक आहे. प्रश्नावली असलीच तर हाताशी, निवाड्याला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात लिंगभाव-विसंगती, म्हणजे जन्मावेळी नोंदलेलं लिंग आणि मनातली ओळख न जुळणं, मानसिक विकारांतून बाहेर काढली.

आपल्याकडे १५ एप्रिल २०१४ च्या, तृतीयपंथीयांच्या हक्कांबद्दलच्या 'नालसा' (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं शारीरिक कसोटीपेक्षा 'मानसशास्त्रीय कसोटी' पसंत केली. इंग्रजीत शब्द तोच, 'टेस्ट', पण गुणांची बेरीज त्यात कुठेच नाही. स्वतःची ओळख ज्यानं त्यानं ठरवायची, आणि त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणं बेकायदा, असं न्यायालयानं म्हटलं.