एकाच सालीचे दोन आलेख

(नागपूरचा कळमना बाजार. संत्र्यांचे ढीग, लिलावाचा गलका.)

आंबिया बहाराचा माल उतरला की संत्र्याआधी त्याचा वासच भेटतो. साल नखाने दाबा, बारीक फवारा उडेल. त्या तेलात 90 टक्क्यांहून जास्त एकटं लिमोनिन. वासाचे बारकावे मात्र उरलेल्या चिमूटभरात दडलेले.

(प्रयोगशाळा. ओव्हनचं दार उघडतं. आत तपकिरी वेटोळं.)

हा गॅस क्रोमॅटोग्राफचा कॉलम. तेलाची वाफ या नळीतून जाते, घटक एकेक करून सुटे होतात, आणि बाहेर पडणारा प्रत्येक घटक आलेखावर एक सुळका उठवतो. उलगडला तर 30 मीटर, आतलं भोक पाव मिलिमीटर. नळी शुद्ध सिलिकाची, तपकिरी रंग बाहेरच्या पॉलिइमाइडचा. तो लेप नसता तर ती हातातच मोडली असती. आतल्या भिंतीवर पॉलिमरचा थर, मिलिमीटरच्या चार हजाराव्या भागाएवढा. सगळी निवड तोच करतो.

या कॉलममध्ये मिथिल सिलॉक्सेन आहे. सिलिकॉन, ऑक्सिजन, पुन्हा सिलिकॉन अशी माळ. प्रत्येक सिलिकॉनला दोन मिथिल, म्हणजे एक कार्बन नि तीन हायड्रोजनचे गट. माळ इतकी लवचिक की वाफेतले रेणू तिच्यात चटकन शिरतात, चटकन निघतात. म्हणून आलेखावर सुळके टोकदार उठतात. (इथे त्यांना 'पीक' म्हणतात, विदर्भातल्या माणसाला आधी कपाशी आठवते, ते वेगळं.) पण मिथिलला कुणाशी सोयरसुतक नाही. रेणू सुटतात ते साधारण उत्कलनबिंदूच्या क्रमाने. तेलातले लिनालूल आणि नोनॅनाल इथे जवळजवळ खेटूनच बाहेर पडतात.

आता कॉलम बदलू. लांबी तीच, भोक तेच, पॉलिमर पॉलिइथिलीन ग्लायकॉल. याच्या माळेत दर दोन कार्बननंतर एक ऑक्सिजन. लिनालूलचा हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) त्या ऑक्सिजनशी हायड्रोजन बंध जुळवतो आणि रेंगाळतो. नोनॅनाल केव्हाच पुढे गेलेलं असतं.

मग सगळीकडे ग्लायकॉलच का वापरत नाहीत? उष्णता. 250 अंशांच्या आसपास त्याचा दम संपतो. मिथिल सिलॉक्सेन 300 च्याही वर टिकतं. अर्थात खोड त्यालाही आहे. फार तापलं की माळेचं टोक वळून आपल्याच अंगाला चावतं, आणि तीन-चार सिलिकॉनची छोटी कडी तुटून बाहेर पडतात. आलेखाची तळरेघ वर सरकते. हाच 'ब्लीड'. त्यावर तोड म्हणून माळेतच बेंझिनची ताठ कडी ओवतात. टोकाला मग सहज वळता येत नाही.

(संगणकाचा पडदा.)

कॉलमच्या टोकाला मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणूंच्या तुकड्यांचं वस्तुमान मोजणारं यंत्र. त्यावर 207 हा तीन सिलिकॉनच्या कड्याचा आकडा चढू लागला की तंत्रज्ञ संत्र्याला दोष देत नाही. ओव्हनचं तापमान बघतो.