तहकूब झालेल्या जत्रेचं तिकीट

नमस्कार श्रोतेहो. ‘तहकूब’ हा शब्द आपल्या नागपूरला काही नवा नाही. दर हिवाळी अधिवेशनात रोज कानावर पडतो. आज मात्र मी एका मोठ्या, पार जपानातल्या तहकुबीबद्दल बोलणार आहे.

1940 साली टोकियोत जागतिक प्रदर्शन भरवायचं ठरलं होतं. जपानी परंपरेप्रमाणे पहिला सम्राट गादीवर बसला, त्याला त्या वर्षी 2600 वर्षं होत होती. त्याच वर्षीचं ऑलिंपिकही टोकियोलाच मिळालं होतं. म्हणजे एकाच मांडवात दोन लग्नं! समुद्रात भराव टाकून तयार केलेल्या जमिनीवर प्रदर्शन भरायचं होतं. तिथं जायला सुमिदा नदीवर एक पूल बांधायला घेतला होता. त्याचं नाव काचिदोकी. खालून जहाज आलं की मधोमध दुभंगून दोन्ही पाखे वर उचलले जातील, असा. जगातून पाहुणे येणार, तर दार तसंच दिमाखदार हवं ना!

तिकिटं दोन वर्षं आधीच, 1938 मध्ये विकायला काढली. बारा तिकिटांचं एक पुस्तक, किंमत दहा येन. वर लॉटरीचं आमिष. लोकांनी भरभरून घेतली.

पण 1937 च्या जुलैपासून चीनशी युद्ध पेटलं होतं. लोखंड, लाकूड, पैसा, सगळं फौजेकडे वळायला लागलं. 1938 च्या जुलैत सरकारनं ऑलिंपिक परत केलं आणि प्रदर्शनही थांबवलं. फक्त ‘रद्द’ म्हटलं नाही. ‘पुढे ढकललं’ म्हटलं. खरं सांगायचं तर यात मला सरकारी पळवाटच दिसते. मोठ्या कामाला मूठमाती द्यायला कोणाची जीभ रेटत नाही, म्हणून मग तारीख पुढे. आपल्याकडे अशा किती फायली पुढे ढकललेल्या आहेत, ते सोडा.

पूल मात्र 1940 मध्ये पुरा झाला. दार झालं, घर नाही. मग महायुद्ध आलं आणि टोकियो जळालं.

आता गंमत ऐका. 1970 मध्ये ओसाकाला जागतिक प्रदर्शन भरलं. दारावर मोठ्या माणसाला 800 येन तिकीट. तिथं काही लोक बत्तीस वर्षांपूर्वीची ती पुस्तकं घेऊन हजर झाले. आणि ती चालली! सुमारे तीन हजार पुस्तकं तिथं वापरली गेली. एवढंच नाही, 2005 साली आइची प्रांतातल्या प्रदर्शनातही ती मान्य केली. दहा येनला तोवर काही किंमत उरली नव्हती, पण कागद खरा ठरला. मला वाटतं, ‘रद्द’ न म्हणण्याचा हा फायदा. पळवाट म्हणून वापरलेला शब्द पुढच्यांनी खराच धरला.

पण मला पुलापेक्षा, सरकारपेक्षा कुतूहल आहे ते त्या तीन हजार घरांचं. बॉम्ब पडत असताना, गावं सोडताना, कोणत्या पेटीत, कोणत्या कपड्याच्या घडीत ही पुस्तकं राहिली असतील?

प्रदर्शनाची हौस आपल्यालाही जुनी. 1865 च्या डिसेंबरात, मध्य प्रांताचे इंग्रज मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांच्या कारकिर्दीत, नागपुरात मोठं प्रदर्शन भरलं होतं. रेल्वे इथं आली 1867 मध्ये. म्हणजे माल रस्त्यानंच आला असणार, बैलगाड्यांची धूळ खात.

आणि माझ्या लहानपणी कस्तुरचंद पार्कात एक प्रदर्शन लागणार होतं. घरात पाच तिकिटं आणली, गुलाबी, पातळ कागदाची. आदल्या रात्री अवकाळी पाऊस आला, मंडप झोपला. दुसऱ्या दिवशी वडील पैसे मागायला गेले, तर माणसानं तिकीट उलटं करून मागचा शिक्का दाखवला : पैसे परत मिळणार नाहीत. नवी तारीख कोणी सांगितलीच नाही.

मी तिकिटं फाडायला निघालो, तर आजी म्हणाली, “ठेव बापा, लागन कधी कामी.”

चार कुठं गेली, देव जाणे. पाचवं नागपूरच्या महाल भागातल्या घरी तिच्या पोथीत सापडलं. शिक्क्याच्या खाली पेन्सिलीनं दुधाचा हिशोब लिहिलाय, आणि एका सोमवारपुढं फुली आहे. त्या दिवशी गवळी आला नव्हता.